स्लॉट मशीन आणि गेलेल्या पैशाचा ध्यास

स्लॉट हा शब्द आपल्या वस्तीत घरोघरी पोहोचला तो 2021 साली, कोरोनाच्या लसीबरोबर. "स्लॉट मिळाला का?" म्हणजे वेळ ठरली का. मोबाईलमध्ये सिमकार्ड बसते ती खाचही स्लॉटच. मूळ अर्थ खाच, फट. जुगाराच्या यंत्राच्या फटीत नाणे टाकावे लागे, म्हणून ते स्लॉट मशीन. आता ते मोबाईलमध्ये शिरले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, तरीही अशी लिंक कोणी पाठवली तर आत काय चालते ते ठाऊक असावे.

जुन्या यंत्रात दांडा ओढला की चाके खरोखर फिरत. आज बटण दाबताक्षणी संगणक आकडा निवडतो, निकाल तिथेच लागतो. फिरणारी चित्रे नुसता देखावा. दहा डाव हरलो म्हणून अकरावा लागेल असे नाही, यंत्राला मागचे आठवत नाही. दोन चित्रे जुळून तिसरे हुकले तरी ते हरणेच. मेंदूला मात्र वाटते, थोडक्यात गेले!

हिशेब करून पाहा. समजा यंत्र शंभरातले 95 परत देते. ऐकायला किती भले! दहा रुपयांचा डाव, मिनिटाला दहा डाव, म्हणजे तासात 6000 रुपये लावले गेले. शंभराला पाच प्रमाणे सरासरी 300 रुपये बुडाले. किराण्याचे, नाहीतर पोरांच्या फीचे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचे वैरी होतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असलेले धन जाते, सभेत शब्दाला वजन राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, मुलगी कोणी देत नाही. आम्ही दुसऱ्या तोट्यावर बोट ठेवतो. गेलेले परत मिळवायला पुन्हा खेळणे, ही या आजाराची ठळक खूण. होय, आजारच, जागतिक आरोग्य संघटनेने तो आजारांच्या यादीत घेतला आहे.

रात्रीची जागरणे, लपवलेला मोबाईल, न सांगता काढलेले कर्ज दिसले तर शिव्या घालू नका, आणि कर्ज गुपचूप फेडूनही टाकू नका. पैशाचा व्यवहार काही दिवस घरातल्या दुसऱ्याकडे द्या. टेलिमानसच्या 14416 वर चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येते. "आता जगून काय करू" असे तो बोलला तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या.