वाटाण्याचा हिशेब

थंडी पडली, की जबलपूरच्या बाजारात हिरव्या वाटाण्याचे ढीग लागतात. पाटण, शहपुरा, पनागर या भागांतील हा माल नागपूरकडेही रवाना होतो. शेंग तोडल्यापासून तिच्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते व गोडी उतरते. म्हणून आवक किती होईल, ट्रक किती लागतील, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा संगणकीय साहाय्यक आता हे काम करू शकतो. मागील हंगामांची आवक, हवामान व दर यांच्या नोंदी ताडून तो क्षणात आकडे मांडतो. परंतु त्याला वाटाणा दिसत नाही, नोंद दिसते. पोत्यांच्या रकान्यात कोणी क्विंटलचा आकडा लिहिला, तर तोही तो निमूटपणे खरा मानण्याचा संभव असतो. (जुना मुनीम निदान चष्मा वर करून विचारत तरी असे!) मग ट्रक कमी पडतात, पोत्यातील शेंग तापून पिवळी पडते आणि पडलेला भाव शेतकऱ्याच्या पदरी येतो.

यासाठी ट्रक मागवण्यापूर्वी अडत्याने गावोगावी दूरध्वनी करून तोडणीची चौकशी करावी. रात्रीच्या पावसाने तोडणी थांबली असेल, तर ती बातमी शेतकऱ्याला पहाटेच ठाऊक असते. नोंदवहीत ती दुसऱ्या दिवशी येते.