दैवव्यपाश्रय चिकित्सा आणि ख्रिस्ती रुग्णाची प्रार्थना

कोपरगावच्या बेट भागात गोदातीरी शुक्राचार्यांचे मंदिर आहे. संजीवनी विद्येशी जोडलेले स्थान म्हणून आम्हा वैद्यांना त्याचा विशेष अभिमान. शिर्डीही जवळच, १९९९ मध्ये राहाता तालुका वेगळा होईपर्यंत ती आमच्याच तालुक्यात होती. त्यामुळे चूर्णाच्या पुड्यांबरोबर खिशात उदीची पुडी बाळगणारा रुग्ण येथील कोणाही वैद्याला नवा नाही आणि त्याबद्दल कोणी त्याला हटकतही नाही. मात्र ख्रिस्ती रुग्ण ‘आमच्या घरी प्रार्थना चालू आहे’ असे म्हणाला, की आपल्यापैकी अनेकजण गप्प होतात किंवा विषय बदलतात. आम्ही तर एकदा त्याहून वाईट वागलो. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

काही वर्षांपूर्वी मधुमेहाने पीडित एक मध्यमवयीन भगिनी पायाच्या व्रणासाठी आमच्याकडे येत असे. इन्सुलिन अन्य डॉक्टरांचे चालू होते, व्रणोपचार आमचे. पट्टी सोडताना ती गळ्यातील क्रूस मुठीत धरून डोळे मिटून घेई. एके दिवशी आम्ही सहज म्हणून गेलो, ‘बाई, प्रार्थनेने जखम भरत नसते, पथ्य पाळा.’ ती काही बोलली नाही. त्यानंतर ती कशाबद्दलच फारसे बोलेनाशी झाली, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. तीन आठवड्यांनी रक्तातील साखर अतोनात वाढून बेशुद्धावस्थेत तिला रुग्णालयात न्यावे लागले. कोणा प्रार्थनासभेत ‘विश्वास पुरता असेल तर सुई कशाला?’ असे ऐकून तिने इन्सुलिन सोडले होते. ती वाचली, पायाचे एक बोट गेले. पुढे आम्ही विचारले, की आम्हाला का सांगितले नाही? तिचे उत्तर सरळ होते, ‘डॉक्टरसाहेब, तुम्हाला सांगून तुम्ही रागावलाच असता.’

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात औषध त्रिविध सांगितले आहे : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्या प्रकारात मंत्र, मणी, होम यांबरोबर नियम, प्रायश्चित्त, उपवास, प्रणिपात आणि तीर्थगमन यांचाही समावेश आहे. आपण हा भाग परीक्षेपुरता पाठ करतो आणि पुढे विसरतो. त्याच संहितेत ज्वरचिकित्सेत विष्णुसहस्रनामाचा उल्लेख असल्याने काही वैद्यबंधू सर्वच रुग्णांना तेच सुचवितात. आमच्या मते हे शास्त्राला धरून नाही. व्यपाश्रय म्हणजे आश्रय घेणे. रुग्णाचे मन जेथे आश्रय घेते, तेथेच तो घेतला जाणार. ख्रिस्ती रुग्णासाठी ते स्थान स्तोत्रसंहिता असेल, ‘उपासना संगीत’मधील एखादे गीत असेल किंवा घरच्यांनी उशाशी बसून केलेली साधी प्रार्थना असेल. आपला मंत्र त्याच्या हाती देणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे होय.

या परंपरेत औषधाचे स्थान काय, हे आम्ही त्या घटनेनंतर समजून घेतले, आणि समाधान वाटले. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी आणि एकमेकांजवळ आपली पापे कबूल करावीत, असा उपदेश आहे. कॅथलिक पंथात कपाळाला व हातांना तेल लावण्याचा हा संस्कार दीर्घकाळ प्रायः मरणासन्नांपुरता उरला होता. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सुधारला आणि तो गंभीर आजारी असलेल्या सर्वांसाठी असल्याचे स्पष्ट झाले. ऑलिव्ह तेल न मिळेल तेथे अन्य वनस्पतिजन्य तेलही त्या वेळी मान्य करण्यात आले. स्नेहनाचे महत्त्व जाणणाऱ्या आपणांस हा तपशील रुचावा! शुभवर्तमानकार लूक हा तर परंपरेने वैद्यच मानला जातो. कॅथलिक बायबलमधील सिराख या ग्रंथाचा ३८वा अध्याय वैद्याचा मान राखावा, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली असे सांगतो. रुग्णाने प्रार्थना करावी आणि मग वैद्यालाही जागा द्यावी, असा त्याचा क्रम आहे. सुई टाकून देण्याचा उपदेश यात कोठेही नाही.

आता मूळ प्रश्न. रुग्णाने आध्यात्मिक आरोग्यासाठी स्वतःला खुले करावे म्हणजे नेमके काय करावे? आम्ही पाहिलेल्या श्रद्धाळू रुग्णांवरून असे दिसते, की ही देवाशी केलेली देवघेव नव्हे. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली आणि अखेर पित्याच्या इच्छेवर सोडले. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही, तो सोसण्याचे बळ मिळाले. भय बोलून दाखविणे, मनातील वैर सोडणे, क्षमा मागणे, फळाचा आग्रह सोडणे हे या प्रार्थनेचे अंग आहे. सत्त्वावजयाशी त्याचे नाते उघड आहे. चरकाचार्यांनी उत्तम रुग्णाचे जे चार गुण सांगितले, त्यांत अभीरुत्व आणि ज्ञापकत्व, म्हणजे निर्भयता आणि आपली व्यथा नीट सांगता येणे, हे दोन आहेत. जो देवापुढे मन मोकळे करतो, त्याला वैद्यापुढेही ते करता यावे. आमच्या त्या रुग्णेत हा गुण होता. आम्हीच तिचे तोंड बंद केले.

याचा अर्थ प्रार्थनेचे मोजमाप औषधासारखे करता येते असा नव्हे. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अपरिचितांनी केलेल्या प्रार्थनेने उपद्रव कमी झाले नाहीत. उलट आपल्यासाठी निश्चित प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात ते ५९ टक्के आढळले, तर तसे निश्चित ठाऊक नसलेल्या दोन गटांत ५२ व ५१ टक्के. अपेक्षेचे ओझे हे याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. खुद्द चर्चही या बाबतीत सावध आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८८३ पासून वैद्यांचे कार्यालय आहे. सात हजारांहून अधिक रुग्णांनी तेथे बरे झाल्याचे कळविले, पैकी चमत्कार म्हणून मान्य झालेली उदाहरणे सत्तरच्या थोडी वर आहेत.

चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांशी मात्र गाठ पडली तर कायदा ठाऊक असावा. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या यादीत मधुमेह आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा आहे. हा नियम सर्व धर्मांच्या भगतांना सारखाच लागू आहे.

रुग्णपत्रिकेत आम्ही आता आहार व निद्रेनंतर एक प्रश्न घातला आहे : ‘मनाला आधार कशाचा वाटतो?’ उत्तर जे येईल ते लिहून घेतो, आणि त्यापाठोपाठ विचारतो, त्यासाठी कोणते औषध सोडले आहे का? प्रश्न याच क्रमाने विचारावेत. उलट विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही, असा आमचा अनुभव आहे. उपवास करणाऱ्या मधुमेही रुग्णास मात्रेबद्दल त्याच्या डॉक्टरांकडे आधीच पाठवितो.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते; अन्य धर्मीयही तेथे श्रद्धेने जातात. ती भगिनी दरवर्षी यात्रेपूर्वी आमच्याकडे येते. पाय तपासून घेते, मऊ चपला दाखविते, प्रवासात इन्सुलिन थंड कसे ठेवावे ते विचारते. आम्ही चिठ्ठी लिहून देतो. ती चिठ्ठी ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवते.