टोमॅटो परीक्षेआधी लाल व्हायला हवा
वसईतल्या शाळांच्या परसबागेसाठी काय करावे, काय टाळावे

शाळेच्या बागेत टोमॅटोला कीड जेवढी नडत नाही तेवढ्या सुट्या नडतात. वसईत सप्टेंबर संपेपर्यंत पाऊस, मग दिवाळीची सुटी, डिसेंबरअखेर नाताळ, पुढे वार्षिक परीक्षा आणि एप्रिलनंतर बागेला पाणी घालायला मुलेच नाहीत. हाती राहतात नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे चार महिने. म्हणून वाण निवडताना फळाचा आकार नंतर पाहावा, दिवस आधी मोजावेत.

काय करावे

• पाकिटावरचे दिवस कुठून मोजले आहेत ते विचारावे. 'साठ दिवसांत फळ' असे लिहिलेले असते, पण ते बहुधा रोप लावल्यापासून. बी पेरून रोप तयार व्हायला आणखी 25 ते 30 दिवस लागतात. म्हणजे साठाचे नव्वद झालेच.

• मुख्य वाफ्यासाठी पुसा रुबी घ्यावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा जुना वाण लावणीनंतर 60-65 दिवसांत तोडणीला येतो. नोव्हेंबरच्या मध्यावर लावला तर जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात लाल फळ. त्याच संस्थेचा पुसा अर्ली ड्वार्फ नावाने 'अर्ली' असला तरी 75-80 दिवस घेतो. पण झाड बुटके राहते आणि पहिलीच्या मुलाचाही हात फळापर्यंत पोहोचतो. जागा थोडी असेल तर मी हाच निवडेन.

• एक-दोन रोपे चेरी टोमॅटोची ठेवावीत. लहान फळ मोठ्यापेक्षा लवकर लाल होते. झाड मात्र उंच वाढते, त्याला काठी आणि सुतळी लागते. ही फळे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतील ही आशा सोडावी. मधल्या सुट्टीतच संपतात.

• वाण ठरवण्याआधी जागेचा इतिहास विचारावा. कोकणच्या दमट, आम्लधर्मी मातीत जिवाणूजन्य मर रोग टोमॅटोचा मोठा शत्रू आहे. सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी मान टाकते आणि पाने पिवळी न पडताच मरते. अशा झाडाचे खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात धरावे. कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरू लागली, तर रोग तोच. आठवीच्या वर्गाला जिवाणू दाखवण्याचा याहून स्वस्त प्रयोग नाही. त्या वाफ्यात पुढच्या वर्षी पुसा रुबी नको. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घ्यावा. तो हा मर रोग, पानांचा लीफ कर्ल विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिघांनाही दाद देत नाही. फळ थोडे उशिरा येते, पण झाड जगते.

• रोपे ट्रेमध्ये वाढवावीत. दिवाळीत ट्रे कुणाच्याही घरी नेता येतो, वाफा नेता येत नाही. लावणी सुटी संपून शाळा भरल्याच्या आठवड्यात, संध्याकाळी करावी.

• पाणी चाखून पाहावे. किनाऱ्याकडच्या गावांत बऱ्याच विहिरी मचूळ झाल्या आहेत. खारे पाणी मिळाले की पानांच्या कडा जळतात, फळ लहान राहते. जवळ बावखल, म्हणजे गावातले जुने तळे, शिल्लक असेल आणि त्याचे पाणी गोडे असेल, तर तेच वापरावे.

• फुलोरा आला की सकाळी दहाच्या सुमारास मुलांनी काठीला हलकी टिचकी मारावी. टोमॅटोचा पराग फुलातल्या फुलातच झडतो, त्याला तेवढा धक्का पुरतो.

• नाताळच्या सुटीआधी बुंध्याशी भाताचा पेंढा किंवा केळीची सुकी पाने पसरावीत. तेव्हा फळ हिरवे असते. पाणी कधी भरपूर, कधी शून्य असे झाले की फळाच्या टोकाला काळा डाग पडून ते कुजते.

काय टाळावे

• 'शाळा सुरू झाली, बाग सुरू करू' म्हणून जूनमध्ये टोमॅटो लावू नये. पावसाळ्यात भेंडी, काकडी, पडवळ लावावे.

• वांगी, मिरची किंवा बटाटा काढलेल्या वाफ्यात टोमॅटो नको. एकाच कुळातली पिके, रोगही तेच.

• वालीव-सातिवली भागातून स्वस्तात मिळणारे रसायनांचे रिकामे ड्रम कुंड्या म्हणून आणू नयेत. कितीही धुतले तरी नको. मैदानावर फरशी असेल तर धान्याच्या रिकाम्या गोणी चालतात.

• युरिया घालून घाई करू नये. झाड हिरवेगार माजते आणि फुले लांबतात. शेणखत किंवा गांडूळखत पुरे.

• मुलांच्या हाताखालच्या बागेत विषारी फवारणी अजिबात नको. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. फळ पोखरणारी अळी झेंडूकडे वळते, पण टोमॅटो फुलेल तेव्हा झेंडूही फुललेला हवा. म्हणून त्याचे बी आधी पेरावे.

• फळ झाडावरच पूर्ण लाल होण्याची वाट पाहत बसू नये, बुलबुल वाट पाहत नाहीत. टोकाला गुलाबी छटा आली की तोडून खोक्यात पिकल्या केळ्याशेजारी ठेवावे. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने टोमॅटो लवकर रंग धरतो. वसईत केळ्याला तोटा नाही. कार्बाइडची पुडी मात्र नको. फळे पिकवायला ते वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

• अर्का रक्षकचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये, संकरित वाणाची पुढची पिढी सारखी निघत नाही. पुसा रुबीचे धरावे: गर एक-दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत सुकवून.

• फेब्रुवारी संपल्यावर आलेली फुले ठेवू नयेत, खुडावीत. फूल ते लाल फळ हा प्रवास सहा-सात आठवड्यांचा आहे, आणि तीस अंशांच्या वरच्या उन्हात फळ नीट लाल न होता पिवळट राहते. शेवटची हिरवी फळे चटणीला द्यावीत.

• पोषण आहाराच्या आमटीला वर्षभर पुरेल असे कुणाला सांगू नये. चांगली निगा राखली तर एका रोपाला दीड-दोन किलो फळ मिळते. वीस रोपांच्या वाफ्याचा हिशेब ज्याने-त्याने आपल्या पटसंख्येशी घालावा.

वाणाची चौकशी सप्टेंबरातच करावी. डहाणू तालुक्यातले कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. बी कुठे मिळेल आणि आपल्या मातीत काय टिकेल, हे दुकानदाराच्या आधी तिथे विचारावे.