बाळाचं नाव : कोथरूड, चेन्नई, म्युनिक

प्रश्न : मी मराठी, नवरा तमिळ. सध्या कोथरूडला असतो, वर्षभरात म्युनिकला जाऊ. मुलासाठी ‘भार्गव’, ‘जय’ आणि ‘नील’ ही नावं काढली आहेत. तिन्हीकडे कोणतं चालेल?

उत्तर : ‘भार्गव’ मला स्वतःला आवडतं. पण तमिळ लिपीत प, फ, ब, भ यांना एकच अक्षर, क-ग यांनाही एकच. अनोळखी माणूस ते ‘पार्कव’ही वाचेल. ‘जय’ची पंचाईत जर्मनीत. तिथे ‘जे’चा उच्चार ‘य’, म्हणजे बालवाडीत पोरगा ‘याय’ व्हायचा.

‘नील’ ठेवा. गोम फक्त स्पेलिंगची. दोन ‘ई’ घातले तर जर्मन बाई ‘नेल’ म्हणतील. ‘एन-आय-एल’ लिहिलंत तर उच्चार चोख (जर्मनमध्ये नाईल नदीचं नावच ते), पण इंग्रजी फॉर्मवर त्याचा अर्थ ‘काही नाही’! मी दोन ‘ई’च घेईन, बाईंना एकदा सांगितलं की झालं. आणि ऐनवेळी ‘अनिल’कडे वळलात, तर सासूबाईंना आधी विचारा. तमिळमध्ये ‘अणिल’ म्हणजे खार.

खरा घोळ आडनावाचा होतो. तमिळ रीतीत बरेचदा वडिलांच्या नावाचं आद्याक्षरच लावतात, जर्मन कचेरीला मात्र आडनावाचा रकाना भरलेला लागतो. तेव्हा पूर्ण नाव बारशाआधीच ठरवा. महापालिकेत जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. पण तुम्हाला पासपोर्ट काढायचाय, इतकं थांबू नका.