नाणे वर जाताना त्याला कोण ढकलते?

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. न्यूटनचे नियम नववीत झाले, अकरावीत पुन्हा झाले. तरी 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्स'मध्ये तिला केटी लागली, आणि वर्गातल्या बऱ्याच जणांची हीच गत. जे येतेच आहे त्यात मुले अडतात कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा हिशेब असा, की नियम पाठ आहेत, गणितही बरे आहे, म्हणजे विषय आला. यातले पहिले दोन खरे असतील. तिसऱ्याची परीक्षा घरीच घ्या. एक नाणे सरळ वर उडवा आणि लेकीला विचारा, हातातून सुटलेले नाणे वर चढत असताना त्यावर कोणती बले आहेत?

बहुधा उत्तर येईल : खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि वर नेणारे हाताचे बल, हाताचे बल हळूहळू सरते, म्हणून नाणे थांबते आणि परत येते. ऐकायला चोख, पण चूक. नाणे हातातून सुटले त्याच क्षणी हाताचे बल संपले. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना नाण्यावर एकच बल असते, ते खाली ओढणारे. सेकंदाला 4.9 मीटर वेगाने उडवलेले नाणे अर्ध्या सेकंदात सुमारे सव्वा मीटर चढते. माथ्यावर वेग शून्य होतो, खालच्या दिशेचे त्वरण मात्र तेव्हाही 9.8च.

नववीच्या शिक्षकांवर खापर फोडण्याआधी एवढे ऐका. नाण्याचा हाच प्रश्न जॉन क्लेमेंट यांनी अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना घातला आणि 1982 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य मुलांनी वरच्या दिशेचे बल दाखवले होते. मेकॅनिक्सचा कोर्स केलेल्यांतही ही चूक मुबलक होती.

याचे मूळ घर्षणात आहे. ढकलणे थांबवले की हातगाडी थांबते, हे आपण लहानपणापासून पाहतो. घर्षण दिसत नाही, म्हणून मन निष्कर्ष काढते की गती आहे तिथे ढकलणारे बल असलेच पाहिजे. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँ या विद्वानानेही असेच काहीसे मांडले होते, की फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो तिला पुढे नेतो. तेव्हा तुमची लेक चुकली तरी चांगल्या संगतीत चुकते आहे. पाठ केलेला नियम परीक्षेत आठवतो; प्रश्न जरा अनोळखी आला की जुनी समजूतच आधी धावते.

शाळेतल्या गणितात बल बहुतेक दिलेलेच असते. कॉलेजात ते शोधावे लागते, आणि त्यासाठीच 'फ्री बॉडी डायग्राम' घोटून घेतात. वस्तू भोवतालापासून सोडवून एकटी काढायची आणि तिच्यावरच्या प्रत्येक बलाचा बाण दाखवायचा. मुले याला चित्रकला समजून उरकतात. खरी मेख अशी, की प्रत्येक बाणाला 'हे बल कोण लावते?' असे विचारायचे. नाण्याचा वरचा बाण तिथेच गळतो, कारण लावणारा कोणी सापडत नाही. एक बाण चुकला तर पुढची सगळी समीकरणे नीट सुटतात आणि उत्तर चुकते.

तिसऱ्या नियमाचा घोळही इथेच सुटतो. टेबलावरच्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, असे मुले छातीठोकपणे सांगतात. पण ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत, आणि जोडीतली बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, त्या बलाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढते.

नाणे जमले तर पुढचा प्रश्न लिफ्टचा घाला. लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असताना तिला ओढणाऱ्या दोरांचा एकूण ताण तिच्या वजनापेक्षा जास्त असतो का? घर्षण सोडले तर तो वजनाइतकाच असतो. जास्त लागतो तो फक्त लिफ्ट सुटून वेग घेईपर्यंत, आणि वरचा मजला आल्यावर थांबताना तर वजनापेक्षाही कमी.