मीठ, पावडर आणि पिवळे दात

आपल्या घरच्या मिठात हल्ली आयोडीन घातलेले असते. ते पोटात कमी गेले तर गळ्याला गलगंड होतो. गावच्या विहिरीत पावडर टाकतात. तिला कोणी टीसीएल म्हणतात. तिच्यातल्या क्लोरीनने पाण्यातले जंतू मरतात. आणि नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला काही गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. ते तंबाखूने नव्हे, बरं का! जमिनीतल्या पाण्यात फ्लोरीन जास्त उतरते, त्याने.

आयोडीन, क्लोरीन, फ्लोरीन. ही तिन्ही एकाच घरची भावंडे आहेत. हे नाते कसे सापडले?

लोखंड, तांबे, सोने, गंधक यांना मूलद्रव्ये म्हणतात. सोन्याचा कितीही बारीक कण करा, तो सोन्याचाच राहतो. अशी ११८ मूलद्रव्ये आज माहीत आहेत. रशियात मेंडेलीव्ह नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या काळी त्रेसष्टच माहीत होती. १८६९ साली त्यांनी ती वजनाप्रमाणे ओळीने मांडली, हलके आधी, जड मागून. तेव्हा दिसले, की गुण फिरून फिरून येतात. आपल्या बाजाराचा वार फिरून येतो ना, तसेच. मग त्यांनी सारख्या गुणांची मूलद्रव्ये एकाखाली एक लिहिली. या मांडणीला आवर्त सारणी म्हणतात. आवर्त म्हणजे फिरून येणे.

पण आयोडीनपाशी गाडी अडली. टेल्युरियम नावाचे मूलद्रव्य आयोडीनपेक्षा किंचित जड आहे. वजन पाहिले तर आयोडीन आधी यायला हवे. मग ते क्लोरीनच्या खाली येईना, भलत्याच घरात जाई! मेंडेलीव्ह यांनी गुण पाहिले आणि आयोडीन त्याच्या भावंडांतच ठेवले. वजन करताना कोणाची तरी चूक झाली असेल, असे त्यांना वाटले.

चूक वजनाची नव्हती. १९१३ साली इंग्लंडात मोझली या तरुणाने खरा हिशेब दाखवला. प्रत्येक मूलद्रव्याला आपला क्रमांक असतो. अणूच्या गाभ्यात जितके प्रोटॉन, तितका क्रमांक. टेल्युरियमचा ५२, आयोडीनचा ५३. झाले! वजनाने नव्हे, क्रमांकाने ओळ लावायची.

आता ही उभी रांग वाचा. फ्लोरीन ९, क्लोरीन १७, ब्रोमीन ३५, आयोडीन ५३. वजाबाकी करून बघा. आधी ८, मग १८, पुन्हा १८. म्हणजे हा वार नेहमी सारख्या अंतराने येत नाही. वरच्या आडव्या ओळी आखूड आहेत, खालच्या लांब.

या भावंडांत सारखे काय? अणूच्या गाभ्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. या सगळ्यांच्या बाहेरच्या थरात एक इलेक्ट्रॉन कमी असतो. तो ती दुसऱ्याकडून घेतात. सोडियमजवळ एक सुटा असतो. क्लोरीन तो घेते आणि दोघांचे मीठ होते. एकटे क्लोरीन विषारी वायू, एकटे सोडियम पाण्यात पेट घेणारे. आणि मीठ मात्र आपण आमटीत घालतो!

फ्लोरीन भावंडांत थोरले आणि सर्वांत हावरे. नांदेडच्या पूर्वेकडच्या काही भागात जमिनीखाली ग्रॅनाइटचा दगड आहे. त्यातून ते फ्लोराइडच्या रूपात पाण्यात येते. थोडे असले तर दातांना बरे. लिटरभर पाण्यात दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तर दात डागाळतात. पुष्कळ वर्षे असे पाणी पोटात गेले तर हाडे आखडतात. हे पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडते, फ्लोराइड मागे राहते. पावडरीनेही ते जात नाही. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पाणी प्रयोगशाळेत तपासले तरच कळते.