राधा, यश आणि आपली मुलं : जंगलपट्टीच्या वर्गात चित्रपुस्तकांचं प्रकट वाचन



अंगणवाडी, पहिली आणि दुसरीच्या मुलांना मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी कोणती पुस्तकं घ्यावीत, हा प्रश्न केंद्रातल्या शिक्षण परिषदेत नेहमी निघतो. आजच्या पाठात आपण चित्रपुस्तकांच्या मालिकांबद्दल बोलणार आहोत. मालिका का घ्यायची, कोणत्या घ्यायच्या आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात त्या कशा वाचायच्या, हे क्रमानं पाहू.

१) आधी आपला वर्ग ओळखू या

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जिल्हे दोन झाले तरी दोन्हीकडच्या वर्गांत एक गोष्ट सारखी आहे. मुलाची घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा बऱ्याचदा एक नसते. भामरागड, एटापल्लीकडे माडिया, धानोरा, कोरचीकडे गोंडी, कोरचीच्या सीमेवर छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा, चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, वडसा या पट्ट्यात झाडीबोली.

झाडीबोली बोलणारं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, 'जवळ'ला 'जवर' म्हणतं. ते मराठीच बोलतंय, पण पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला वेगळी लागते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट त्याहून पुढची आहे. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा. मराठीशी तिचं व्याकरण जुळत नाही. पाण्याला 'येर' म्हणणारं मूल पहिलीत येऊन बसतं, तेव्हा त्याच्यासाठी 'पाणी' हा शब्दसुद्धा नवाच असतो.

असं मूल वर्गात गप्प बसतं. आपण नोंदवहीत लिहितो, 'प्रतिसाद देत नाही.' खरं तर तेच मूल मोहफुलं वेचायला पहाटे आईबरोबर जातं, कोणत्या झाडाखाली काय सापडतं ते जाणतं, लहान भावंडाला सांभाळतं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते सांगायला आपल्या भाषेतले शब्द नाहीत. चित्रपुस्तक इथं उपयोगी पडतं, कारण चित्राला भाषा लागत नाही. मूल चित्रावर बोट ठेवून स्वतःच्या बोलीत बोलू शकतं. ते एकदा बोलायला लागलं की पुढचं काम सोपं होतं.

२) सुटं पुस्तक की मालिका?

सुटं पुस्तक चांगलंच असतं. पण प्रकट वाचनासाठी मालिकेचे तीन फायदे आहेत.

- पात्र ओळखीचं होतं. पहिल्या पुस्तकात मूल पात्राशी ओळख करून घेतं. दुसऱ्या पुस्तकात तो कष्ट वाचतो आणि सगळं लक्ष गोष्टीकडे जातं.
- शब्द परत परत येतात. तेच घर, तीच माणसं, रोजच्याच क्रिया. नवी भाषा शिकणाऱ्याला ही पुनरावृत्ती फार लागते.
- वाट पाहण्याची गोडी लागते. "उद्या कोणतं पुस्तक?" हा प्रश्न मुलांनी विचारला की वाचनाची सवय लागायला सुरुवात झाली असं समजा.

३) कोणत्या मालिका घ्याव्यात?

(अ) राधाचं घर : माधुरी पुरंदरे यांची ही मालिका ज्योत्स्ना प्रकाशनाची आहे. राधा ही छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. आई, बाबा, आजी, आजोबा असं एकेका माणसाचं एकेक पुस्तक. मजकूर थोडा, वाक्यं छोटी, बोलण्यातली. अंगणवाडी आणि पहिलीला सुरुवात इथूनच करावी.

(आ) यश : याही लेखिकेची मालिका. 'मोठी शाळा', 'मामाच्या गावाला', 'हात मोडला' अशी यातली पुस्तकं. मजकूर राधापेक्षा जास्त आहे, म्हणून पहिलीचं दुसरं सत्र आणि दुसरीसाठी बरी. आपल्याकडे 'मामा' म्हटलं की मुलांना मामाचं घर आठवतं आणि मामा तलावही! मालगुजारी तलावाला आपण मामा तलाव म्हणतो, हे सांगून गप्पांना सुरुवात करता येते.

माधुरी पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्या लेखिकाही आहेत आणि चित्रकारही. त्यामुळे शब्दांत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या चित्रांत सापडतात. त्यांचं 'चित्रवाचन' हे पुस्तकही वर्गात ठेवावं. तपशिलांनी भरलेली दृश्यं बघत मुलं तासभर बोलू शकतात.

(इ) नेहरू बाल पुस्तकालय : नॅशनल बुक ट्रस्टची ही माला १९६९ पासून चालू आहे. अनेक भारतीय भाषांत पुस्तकं, किंमत परवडणारी. प्राणी, झाडं, गाव यांवरची बरीच पुस्तकं आपल्या मुलांना जवळची वाटतात.

(ई) स्टोरीवीव्हर : प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ. गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळे उतरवून छापता येतात. आपल्या दृष्टीनं मोठा फायदा म्हणजे एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते. मुलचेऱ्याच्या शिक्षकाला मराठीबरोबर बंगाली आणि सिरोंच्याच्या शिक्षकाला तेलुगू प्रत शोधता येते. गोंडीतल्या गोष्टीही तिथं आहेत. मात्र गोंडी दर भागात बदलते. म्हणून गावातल्या माणसाला आधी वाचून दाखवावं आणि शब्द आपल्या गावचे करून घ्यावेत. रेंज नसते तिथं तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्यावं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, तेव्हा छापील संचच कामी येतो.

४) वाचायचं कसं?

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी महिनाभर एका वेगळ्या पद्धतीनं चित्रपुस्तक वाचायला सांगितलं. मोठ्यांनी कमी बोलायचं, उघडे प्रश्न विचारायचे आणि मुलाच्या उत्तरात एखादा शब्द जोडून ते परत म्हणायचं. या मुलांचं बोलणं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढं गेलं. या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात.

मूल म्हणालं "कुत्रा", तर आपण म्हणायचं, "हो, काळा कुत्रा. कुठं झोपलाय तो?" मूल म्हणालं "नई" (गोंडीत कुत्रा), तरी उत्तर बरोबरच आहे. आपण म्हणायचं, "हो, नई. मराठीत कुत्रा. ही नई काय करते?" इथं मुलाचा शब्द खोडायचा नाही. त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवायचा.

एका पुस्तकाचा पाच दिवसांचा आराखडा असा करता येतो. रोज वीस मिनिटं पुरतात.

पहिला दिवस : फक्त चित्रं. मजकूर वाचायचा नाही. मुलांनी घरच्या भाषेत बोलायचं. आपल्याला ती भाषा येत नसेल तर अंगणवाडी सेविका, मदतनीस किंवा चौथी-पाचवीतलं मोठं मूल सोबत घ्यावं. मुलांनी वापरलेले शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावेत.

दुसरा दिवस : पूर्ण गोष्ट मराठीत, न थांबता, हावभावांसह. वाक्यागणिक भाषांतर करू नये. तसं केलं की मुलं मराठी ऐकणं सोडून देतात आणि भाषांतराचीच वाट बघतात. चित्रं कालच कळलेली असतात, त्यामुळे अर्थ बराचसा लागतो.

तिसरा दिवस : पुन्हा वाचन, पण आता परत येणाऱ्या वाक्यांशी थांबायचं आणि मुलांना पूर्ण करू द्यायचं. "पुढं काय होईल?", "तिला असं का वाटलं असेल?" असे प्रश्न विचारावेत. फक्त हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न टाळावेत.

चौथा दिवस : नाट्यीकरण. झाडीपट्टीच्या मुलांना नाटक शिकवावं लागत नाही. वडशापासून गावोगावी मंडईच्या निमित्तानं रात्रभर चालणारी नाटकं त्यांनी आईच्या मांडीवर बसून पाहिलेली असतात. पात्रं वाटून द्या, संवाद त्यांच्या बोलीत होऊ द्या.

पाचवा दिवस : मुलं पुस्तक हातात घेऊन एकमेकांना 'वाचून' दाखवतात. अक्षरं येत नसली तरी चित्रं बघून गोष्ट सांगतात. हेही वाचनच आहे. त्याची नोंद घ्या.

पट जास्त आणि पुस्तक एकच असेल तर मुलांना अर्धगोलात बसवून पुस्तक छातीपाशी, त्यांच्याकडे तोंड करून धरावं. द्विशिक्षकी शाळेत सगळे वर्ग एकत्र बसवले तरी चालतं. मोठ्या मुलांना दुसऱ्या दिवसाचं वाचन करायला द्यावं.

५) दोन अवघड प्रश्न

पहिला प्रश्न : "पुस्तकातलं घर आमच्या मुलांच्या घरासारखं नाही. मग काय उपयोग?"

बहुतेक मराठी चित्रपुस्तकांतली घरं शहरी किंवा मध्यमवर्गीय वळणाची असतात, हे खरं आहे. कुडाच्या भिंती, अंगणातला मांडव, कोंबड्यांचा खुराडा त्यांत क्वचितच दिसतो. पण आजीचं लाड करणं, आईवर रुसणं, नव्या शाळेची भीती या गोष्टी नेलगुंड्यातही असतात आणि पुण्यातही. मुलं त्या लगेच ओळखतात. फरक दिसला की विचारावं, "राधाच्या घरी असं आहे, आपल्या घरी कसं?" हा प्रश्न रोज विचारला तर मुलाला कळतं की आपलं घरसुद्धा सांगण्यासारखं आहे. तो न विचारता आपण वाचत राहिलो तर मुलाला वाटू शकतं, की पुस्तकात येण्याजोगी घरं दुसऱ्यांचीच असतात.

दुसरा प्रश्न आश्रमशाळेतल्या शिक्षकांचा आहे : "मुलं सहा-सात वर्षांची, घरापासून लांब. आई-बाबांचं पुस्तक वाचलं की रडतात. वाचावं का?"

वाचावं, पण पहिल्या आठवड्यात नाही. आधी प्राण्यांची, गमतीची पुस्तकं घ्यावीत. मुलं रुळली की घरची पुस्तकं काढावीत. एखादं मूल रडलं तर पुस्तक मिटून त्याला जवळ घ्यावं आणि "तुझी आई आत्ता काय करत असेल?" एवढंच विचारावं. ज्याचे आई किंवा वडील हयात नाहीत असं मूल वर्गात असेल तर ते आधी माहीत करून घ्यावं. त्याला "तू तुझ्या आवडत्या माणसाबद्दल सांग" असं म्हणावं. मूल घर आठवून रडतं, कारण त्याला घर आहे. ते बोलायला जागा मिळाली तर शाळाही हळूहळू त्याची होते.

६) आपली स्वतःची मालिका

चार-पाच पुस्तकं वाचून झाली की वर्गाची मालिका तयार करावी. पाठकोरे कागद, दोरा, खडू एवढं साहित्य पुरतं. प्रत्येक पुस्तकाला आठ पानं. चित्रं मुलांची, एका पानावर एकच वाक्य. वाक्य वर घरच्या भाषेत आणि खाली मराठीत.

विषय आपल्या ऋतूंप्रमाणे घ्यावेत :

- आषाढ-श्रावण : रोवणी, बोडीतले मासे, जंगलातल्या भाज्या
- दिवाळीनंतर : धानाची कापणी, मंडई
- मार्च-एप्रिल : मोहफुलं
- मे : तेंदूपत्ता

शब्दांसाठी आजीला शाळेत बोलवावं. ती लिहू शकत नसली तरी सांगू शकते. आपण लिहून घ्यायचं आणि तिला वाचून दाखवायचं. आजीनं सांगितलेलं पुस्तकात आलंय, हे नातवंडानं पाहिलं की त्याच्या मनात शाळेचं स्थान बदलतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. आपली भाषा शिक्षणात यावी ही इच्छा गावांमध्ये किती खोल आहे, हे त्यावरून कळतं. आपल्या मराठी शाळेतही त्या इच्छेला थोडी जागा देणं आपल्या हातात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे.

७) नोंद कशी ठेवाल?

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात वाचन आणि संख्याज्ञान यांवर भर आहे. मिनिटाला किती शब्द वाचले हे आपण मोजतोच. त्याच्या जोडीला प्रत्येक मुलासाठी या चार गोष्टी महिन्यातून एकदा लिहाव्यात :

- चित्राबद्दल स्वतःहून बोललं का? कोणत्या भाषेत?
- गोष्ट क्रमानं सांगता येते का?
- पात्राला काय वाटलं असेल ते सांगतं का?
- पुस्तक स्वतःहून हातात घेतं का?

तीन महिन्यांनी मागची पानं उलटून पाहा. 'प्रतिसाद देत नाही' असं जिथं लिहिलं होतं, तिथं आता काय लिहाल ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पुस्तकपेटीला कुलूप असेल तर ते उद्या काढा. पुस्तकं फाटतील, चिखलाचे हात लागतील, कोपरे दुमडतील. चिकटपट्टी आणून ठेवा. कपाटात कोरी राहिलेली पुस्तकं तपासणीच्या वेळी छान दिसतात, मुलांच्या मात्र काही उपयोगाची नसतात.

तुमच्या गावच्या बोलीत मुलांनी कोणती पुस्तकं तयार केली ते जरूर कळवा.